पाय दिसले पाहिजेत : ‘सिंगिंग इन द रेन’ घरी कसा पाहावा आणि कसा दाखवावा

जून संपत आला, खडकवासल्याच्या पाणीसाठ्याचे आकडे सकाळच्या चहाबरोबर वाचले जाऊ लागले आणि रविवारी दुपारी बाहेर पडणे अशक्य झाले की आमच्या घरात कोणीतरी हमखास म्हणते, “तो पावसात नाचणाऱ्याचा चित्रपट लावा.” तो चित्रपट म्हणजे ‘सिंगिंग इन द रेन’. मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्या कंपनीने तो १९५२ साली काढला. जीन केली आणि स्टॅन्ली डॉनन या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला आणि नायकाची भूमिकाही केलीनेच केली. गेल्या काही वर्षांत मी हा चित्रपट सात-आठ वेळा तरी इतरांना दाखवला आहे : कधी फक्त घरच्यांना, कधी मावशीच्या भिशीतल्या मैत्रिणींना, एकदा सुट्टीला आलेल्या भाचरांना. पहिल्या वेळी मी तो पुरता वाया घालवला, आणि हा मार्गदर्शनपर लेख लिहिण्याचे मूळ त्या पहिल्या फजितीत आहे.

झाले असे की चित्रपट सुरू होताच पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या. काका म्हणाले, “अरे, टीव्ही एवढा मोठा घेतलास आणि चित्र एवढंसंच?” मी आज्ञाधारकपणे रिमोटवरचे झूमचे बटण दाबले. चित्र पडदाभर पसरले, सर्वांचे समाधान झाले, आणि पुढचे पावणेदोन तास आम्ही कमालीच्या कसबी नर्तकांना गुडघ्यापर्यंत पाहत बसलो. चित्रपट संपल्यावर सगळे म्हणाले, “छान आहे, पण एवढं काय आहे त्यात?” त्यात जे होते ते मी बटण दाबून कापून टाकले होते.

आधी टीव्हीचा बंदोबस्त

१९५२ साली रुंद पडदा अजून रुळलेला नव्हता. सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये आला. त्यामुळे या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.३७. आजच्या टीव्हीची रुंदी त्या मानाने बरीच जास्त असल्याने दोन्ही बाजूंना काळी जागा उरणारच. ती उरू द्यावी. झूम केल्यास वरून डोके आणि खालून पाय कापले जातात, आणि ‘स्ट्रेच’ केल्यास सडपातळ नर्तक पैलवान दिसू लागतात. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘१६:९’ असा पर्याय निवडून चित्र जसे आहे तसे ठेवावे, आणि चित्रपट सुरू होण्यापूर्वीच पाहुण्यांना सांगून टाकावे की ही काळी पट्टी म्हणजे बिघाड नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. नव्या टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण ‘मोशन’ हा शब्द त्यात बहुधा असतो. क्रिकेटसाठी ती ठीक असेल. सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतलेल्या चित्रपटात मात्र ती मधली खोटी चित्रे भरत जाते आणि सगळे काही रात्री आठच्या मालिकेसारखे दिसू लागते. नाचात याचा तोटा सर्वाधिक होतो, कारण पाऊल जमिनीवर आदळण्याचा ठोस क्षण त्या गुळगुळीतपणात विरघळतो. ती सोय बंद करावी. रंगांसाठी ‘व्हिविड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ हा पर्याय घ्यावा. टेक्निकलरच्या त्या काळच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्मपट्ट्या चालत आणि प्रत्येक पट्टी रंगाचा एकेक भाग टिपत असे. त्यातून आलेले पिवळे, गुलाबी आणि हिरवे रंग मुळातच इतके गडद आहेत की त्यांवर टीव्हीने आणखी हळद टाकण्याची गरज नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर चित्रपट मूळ मोनो आहे, त्यामुळे सराउंडचे खेळ करू नयेत. मात्र टीव्हीचा स्वतःचा आवाज बहुतेक वेळा मागच्या भिंतीकडे जातो, म्हणून साधासा का होईना पण समोर तोंड असलेला एक स्पीकर लावावा. या चित्रपटात बुटांचा आवाज हे एक वाद्य आहे आणि ते ऐकू आले नाही तर अर्धी मैफल गेली. पाऊस पत्र्यावर पडत असेल तर आवाज दोन घरे वाढवावा, शेजारी समजून घेतात.

प्रत निवडताना मात्र चोखंदळ असावे. या चित्रपटाची मूळ कॅमेरा निगेटिव्ह १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील संग्रहालयाच्या आगीत गेली. पुणेकराला हे वाचून आपल्याकडची ८ जानेवारी २००३ ची आग आठवते, जेव्हा फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराबरोबर ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. सुदैवाने ‘सिंगिंग इन द रेन’च्या इतर चांगल्या प्रती शिल्लक होत्या आणि त्यांवरून २०२२ साली, चित्रपटाला ७० वर्षे झाली तेव्हा, फोर-के दर्जाची नवी प्रत बाजारात आली. तीच मिळवावी. फुकटात सापडणारी, कडा कापलेली आणि रंग उडालेली प्रत पाहून या चित्रपटाविषयी मत बनवणे म्हणजे फाटक्या स्पीकरवर भीमसेनजी ऐकून ख्यालाविषयी मत बनवण्यासारखे आहे. घरात दहा-बारा जणांनी पाहणे निराळे. सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर सूचना लावून दाखवायचे असेल तर हक्क असणाऱ्या कंपनीची किंवा तिच्या वितरकाची लेखी परवानगी घ्यावी लागते, हे कार्यकारिणीला आधी सांगितलेले बरे.

सुरुवातीला काय सांगावे

संगीतपट पाहताना अनेकांना पहिली अडचण येते ती अशी : माणसे बोलता बोलता एकदम गायला का लागतात? आपल्याकडे हा प्रश्न पडूच नये, तरी पडतो, आणि विशेषतः तरुणांना पडतो. त्यांना सांगावे की ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले तेव्हापासून आपल्या आजी-पणजींनी हेच केले आहे. गोष्ट थांबते, पद सुरू होते, पद रंगले तर ‘वन्समोअर’ येतो, मेलेला नटही उठून पुन्हा गातो आणि मग पुन्हा मरतो. बालगंधर्वांचे पद ऐकायला येणारा प्रेक्षक कथानक पुढे सरकत नाही म्हणून घड्याळ पाहत नव्हता. ज्या घरात नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका अजून ऐकल्या जातात त्या घरात हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. तिथे आजी पहिल्या दहा मिनिटांत पायाने ठेका धरते.

किंबहुना या चित्रपटाची घडणही जुन्या पदांवर नवे नाटक रचावे तशी आहे. निर्माता आर्थर फ्रीड हा स्वतः गीतकार होता. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन याच्यासह त्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत जी गाणी केली होती ती एका चित्रपटात गुंफावीत, असे काम त्याने बेटी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला दिले. म्हणजे गाणी आधी आणि गोष्ट नंतर. शीर्षकगीत तर १९२९ च्या एका चित्रपटात येऊन गेले होते. लेखकांनी विचार केला की ही गाणी ज्या काळातली आहेत त्या काळाचीच गोष्ट सांगावी, आणि तो काळ होता मूकपट संपून बोलपट सुरू होण्याचा. उसन्या सामानातून उभे राहिलेले हे घर इतके एकसंध वाटते की मी हे सांगेपर्यंत आमच्याकडे कोणाला शंकाही आली नव्हती.

ज्यांना इंग्रजी उपशीर्षके भराभर वाचता येत नाहीत त्यांना गोष्ट आधीच सांगून टाकावी. रहस्यभंगाची भीती बाळगू नये, कारण इथे रहस्य नाही. शेजारी बसून कानात भाषांतर कुजबुजणारा माणूस सर्वांचाच रसभंग करतो. मी सांगतो ती गोष्ट अशी : साल १९२७. डॉन लॉकवुड आणि लीना लॅमाँट ही मूकपटातील लाडकी जोडी. लोकांना वाटते त्यांचे प्रेम आहे. डॉनला ती डोळ्यांसमोर नको असते. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा पहिला बोलपट तुफान चालतो आणि डॉनच्या कंपनीला आपला अर्धवट झालेला मूकपट बोलका करावा लागतो. पण लीनाचा आवाज चिरका आणि उच्चार अशुद्ध. चाचणीच्या खेळाला प्रेक्षक हसून लोळतात. तेव्हा डॉनचा मित्र कॉस्मो युक्ती काढतो की लीनाने नुसते ओठ हलवावेत आणि पडद्यामागून कॅथी नावाच्या नवख्या मुलीने तिच्यासाठी बोलावे-गावे. कॅथीवर डॉनचे प्रेम बसलेले असतेच. एवढे पुरे.

आणखी एक गोष्ट सांगावी, पण हळुवारपणे. लीनाच्या उच्चारांवरचा विनोद आपल्याला सहज कळत नाही, कारण तो इंग्रजीच्या बोलींमधल्या प्रतिष्ठेच्या उतरंडीवर उभा आहे. शुद्धलेखनाच्या आणि ‘न-ण’च्या चुका काढण्यात ज्या शहराने पिढ्या घालवल्या त्या शहराला हे एका वाक्यात समजते. जीन हेगनने ही भूमिका अप्रतिम केली आहे, आणि तिला त्यासाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले. तरीही चित्रपट लीनाला जरा जास्तच फोडून काढतो असे मला दरवेळी वाटते. तिने स्वतःचे करारपत्र नीट वाचलेले असते, आपल्या प्रसिद्धीवर आपला हक्क आहे हे ती मालकाला त्या करारातूनच दाखवून देते, आणि आपली जागा सहजासहजी सोडत नाही. हे गुण डॉनमध्ये असते तर त्याला आपण करारी म्हटले असते. ही चर्चा चित्रपटानंतर करण्याजोगी आहे, भिशीच्या मंडळात ती चांगली रंगते.

पाहताना लक्ष कुठे ठेवावे

पहिला अर्धा तास काही सांगू नये. ध्वनिमुद्रणाचा प्रसंग येतो तेव्हा मात्र सगळ्यांनी सावरून बसावे. मायक्रोफोन झुडपात लपवलेला आहे आणि लीना बोलताना मान वळवते तेव्हा तिचा आवाज येतो-जातो. मग तो तिच्या कपड्यांत शिवला जातो, तर बोलण्याऐवजी छातीची धडधड ऐकू येते. मालक येतो, जमिनीवरची वायर पाहून वैतागतो, ती ओढतो आणि लीना उलटी पडते. हे सगळे अतिशयोक्त वाटते, पण तो काळ खरोखरच असा होता. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून छायालेखकासकट कॅमेरा बंद पेटीत ठेवत, आणि व्हायटाफोन या पद्धतीत आवाज फिल्मवर नसून वेगळ्या तबकडीवर असे. फिल्मच्या एका रिळाला एक तबकडी. सुई जरा सरकली की ओठ एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे. चाचणीच्या खेळात नायिकेच्या तोंडी खलनायकाचा आवाज येतो तो विनोद या यंत्राच्या रचनेतूनच आलेला आहे.

इथे चित्रपट थांबवून नव्हे, तर चहाच्या वेळी, आपल्याकडची हकीकत सांगावी. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्याने त्याचे बरेचसे चित्रीकरण रात्री करावे लागले, आणि वादक चौकटीबाहेर, झाडाझुडपांमागे लपून बसत. सुलोचना या नावाने गाजलेली रूबी मायर्स ही मूकपटांची सर्वांत मोठी तारका. बोलपट आल्यावर तिला हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ पडद्यापासून दूर राहावे लागले, आणि मग ती परतली. म्हणजे लीनाची गोष्ट आपल्याकडेही घडली, फक्त आपल्या लीनाने शिकवणी लावून बाजी मारली. ‘प्रभात’ १९३३ साली कोल्हापुरातून पुण्यात आली तेव्हा बोलपट जेमतेम दोन वर्षांचा होता. तिथल्या मंडळींनी आवाज इतक्या झपाट्याने आत्मसात केला की १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत संपूर्ण वगळून केवळ प्रसंगातले नैसर्गिक आवाज वापरले. जमल्यास आठवडाभर आधी ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहावा. विष्णुपंत पागनीस तिथे स्वतःच्या गळ्याने गातात. ते कानात असले म्हणजे उसन्या आवाजावर बेतलेली ही अमेरिकी गोष्ट वेगळीच लागते.

आता नाच. टॅप नृत्यात बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या असतात आणि नर्तक पावलांनी ताल वाजवतो. ज्यांनी रोहिणीताई भाटे यांच्या परंपरेतले कथक पाहिले आहे त्यांना तत्कार म्हटले की पुरते. फरक असा की कथकात पाय उघडा असतो, घुंगरू घोट्याला असतात आणि कणा ताठ असतो, तर इथे बूट स्वतःच वाद्य होतो आणि शरीर सैल सोडलेले असते. उच्चारशिक्षकाच्या खोलीत डॉन आणि कॉस्मो एका जिभेला पीळ घालणाऱ्या वाक्यावर, म्हणजे त्यांच्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’वर, नाचतात तो प्रसंग जुगलबंदी म्हणून पाहावा. केली आणि डोनाल्ड ओकॉनर यांची पावले दोन असून आवाज एक येतो. पावलांचे आवाज नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करून जोडले जात, हे खरे. पण डोळ्यांना जे दिसते त्यात जोडकाम नाही. कॅमेरा दूर उभा आहे, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आहेत, आणि एकेक तुकडा बराच वेळ न कापता चालतो.

या चित्रपटाचे आकर्षण इतकी वर्षे का टिकले, याचे माझ्यापुरते उत्तर इथे आहे. आजच्या गाण्यात दर एक-दोन सेकंदाला दृश्य बदलते. चेहरा, हात, कंबर, पुन्हा चेहरा, असे तुकडे जोडून नाच तयार होतो, आणि तो नाच नेमका कोणी केला हे संकलकालाच ठाऊक. इथे मात्र माणूस अख्खा दिसतो, त्यामुळे त्याने जे केले ते खरोखर केले याची साक्ष आपणच असतो. चूक झाली असती तर ती आपल्याला दिसली असती. सवाई गंधर्व महोत्सवात तान समेवर येते तेव्हा श्रोत्यांच्या तोंडून जो हुंकार निघतो त्यामागेही हेच असते : आत्ता, आपल्यासमोर, काहीतरी निसटू शकत होते आणि निसटले नाही.

कॉस्मोचे हसवण्याचे गाणे मुलांसाठी राखून ठेवावे. ओकॉनर भिंतीवर धावत चढून उलटी कोलांटी घेतो, सोफ्यावरून लोळतो, भुशाच्या बाहुलीशी झोंबाझोंबी करतो. या चित्रीकरणानंतर त्याला काही दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. आमच्या भाचरांनी हा तुकडा लागोपाठ चार वेळा पाहिला आणि पाचव्यांदा दिवाणावर प्रयोग सुरू केला. घरात काचेचे टेबल असल्यास ते आधी हलवावे.

‘गुड मॉर्निंग’ या गाण्यात कॅथीच्या भूमिकेतील डेबी रेनॉल्ड्सकडे पाहावे. ती तेव्हा १९ वर्षांची होती. तिला जिम्नॅस्टिक्सची सवय होती, पण नृत्याचे रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हते, आणि तिला दोन मुरलेल्या नर्तकांच्या मध्ये उभे केले होते. हे चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चालले आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आले. गाण्याच्या अखेरीस तिघे सोफा उलटून पडतात आणि हसत सुटतात, त्या क्षणी ती हसते ते कथेतल्या आनंदाने की संपल्याच्या सुटकेने, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मग तो पाऊस. माझी आग्रहाची सूचना आहे की हे गाणे मोबाइलवर सुटे पाहू नये. चाचणीच्या खेळातली नामुष्की, रात्रभर स्वयंपाकघरात बसून केलेली चर्चा, सापडलेली युक्ती आणि दारापाशी झालेला कॅथीचा निरोप, एवढे सगळे आधी घडलेले असते म्हणून डॉन टॅक्सी परत पाठवतो आणि छत्री मिटतो. तो भिजायला निघालेला नसतो. त्याला छत्रीचा विसर पडलेला असतो. सुरुवातीला तो नाचत नाही, चालतो. चालण्याचे नाचात रूपांतर कोणत्या पावलावर होते ते शोधावे. आम्ही यावर पैज लावतो आणि दरवेळी उत्तर वेगळे येते. मध्यावर कॅमेरा उंचावरून त्याच्या वर केलेल्या चेहऱ्याकडे झेपावतो, आणि शेवटी डबक्यात उड्या मारण्याची चंगळ सुरू असताना पोलिस येऊन उभा राहतो. डॉन मुकाट पदपथावर चढतो आणि छत्री एका भिजणाऱ्या वाटसरूला देऊन टाकतो. ही डबकी योगायोगाची नव्हेत. ज्या ठिकाणी पाऊल पडायचे त्या ठिकाणी रस्त्यात खळगे करून घेतलेले होते. पुण्यात तेवढा खर्च आला नसता, ही कोटी आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी करतेच, तिला हसून पुढे जावे.

पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले होते, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाही. दिवे पावसाच्या मागून लावले होते, त्यामुळे धारा उजळून दिसतात. पावसाळ्यात रस्त्याच्या दिव्याखाली पाहिल्यास याची प्रचिती येते. खरी गोष्ट दुधाहून भारी आहे : हे गाणे करताना केलीला १०३ अंश ताप होता. मी ही माहिती गाणे संपल्यावर देतो. आधी दिली तर आयाबाया नाचाकडे न पाहता त्याच्या ओल्या कोटाकडे पाहत राहतात.

कंटाळा येईल ती जागा

चित्रपटाच्या शेवटच्या भागात ब्रॉडवेवरचे एक लांबलचक नृत्यनाट्य येते आणि ते जवळजवळ १३ मिनिटे चालते. कथेशी त्याचा संबंध नावापुरता आहे. सिड चॅरिस हिरव्या पोशाखात येते तेवढा भाग, आणि नंतर वाऱ्यावर तरंगणाऱ्या तिच्या लांबच लांब पांढऱ्या वस्त्राचा भाग, पाहावाच. बाकीच्या वेळी कोणी उठून कांदाभजी तळायला गेले तर मी अडवत नाही. आधीच्या वर्षीच्या केलीच्याच ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ या संगीतपटाला शेवटच्या दीर्घ बॅलेसह सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते, त्यामुळे इथेही तसाच थाट हवा असे वाटले असावे. गंमत म्हणजे त्या ऑस्करविजेत्या चित्रपटापेक्षा आज या चित्रपटाचे नाव अधिक घेतले जाते. ‘सिंगिंग इन द रेन’ला फक्त दोन नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. १९८९ साली अमेरिकेने जतनासाठी पहिले २५ चित्रपट निवडले त्यांत तो होता, २००६ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने संगीतपटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले, आणि २०२२ च्या ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षक-मतदानात तो जगातील चित्रपटांत दहावा आला.

मध्यंतर घ्यायचे असल्यास पावसाच्या गाण्यानंतर लगेच घेऊ नये, हे एक पथ्य पाळावे. त्यानंतरचे दोन-तीन प्रसंग होऊ द्यावेत आणि नृत्यनाट्यापूर्वी थांबावे. मंडळी ताजी झाली की तेही बरे लागते.

संपल्यावर

दिवे लगेच लावू नयेत. लीनाच्या मागचा पडदा वर ओढला जातो आणि खरा आवाज कोणाचा हे सगळ्या नाट्यगृहाला दिसते, त्या प्रसंगानंतर आमच्याकडे टाळ्या पडतात, आणि त्या पडून संपू द्याव्यात. मग एक गोष्ट सांगावी, जी मी मुद्दाम शेवटी ठेवतो. चित्रपटात कॅथी लीनासाठी संवाद बोलते तो ध्वनिमुद्रणाचा प्रसंग आठवत असेल. तिथे कॅथी म्हणून आपल्याला जो मऊ, भरदार आवाज ऐकू येतो तो डेबी रेनॉल्ड्सचा नाहीच. तो जीन हेगनचा आहे, तिचा स्वतःचा, खरा आवाज. म्हणजे जिचा आवाज ऐकवण्याजोगा नाही म्हणून सगळी गोष्ट घडते, तिनेच आपल्या बदली आवाजाला आपला आवाज दिला. आणि त्या प्रसंगाच्या आधी कॅथी जे गाणे लीनासाठी गाते तेही रेनॉल्ड्सचे नाही. बेटी नॉइज नावाच्या गायिकेचे आहे, जिचे नाव श्रेयनामावलीत नाही.

हे सांगितले की मावशी दरवेळी एकच वाक्य म्हणते, “मागे घे रे, पुन्हा ऐकू दे.” रिमोट हाताशी ठेवावा.